दिवस भरण्याआधी

‘सातव्याचं जगतं, आठव्याचं जगत नाही.’ घरात कुणी पोटुशी असली की हे वाक्य एखाद्या आजीच्या तोंडून हमखास निघतं. मग आठव्या महिन्यात प्रवास नको, जड उचलणं नको, घराचा उंबरठा ओलांडणंही नको. ही समजूत फक्त आपल्याकडची आहे असं मात्र नाही. ग्रीक वैद्य हिपोक्रॅटिसच्या नावावर जे ग्रंथ सांगितले जातात, त्यांतला एक आठव्या महिन्यातल्या बाळावरच आहे, आणि त्यातही हेच सांगितलेलं आहे. दोन-अडीच हजार वर्षं टिकलेली ही समजूत साफ चुकीची आहे. पोटात काढलेला प्रत्येक जादा आठवडा बाळाच्या बाजूने असतो. चौतिसाव्या आठवड्यातलं बाळ तिसाव्यातल्यापेक्षा जगण्याची शक्यता कितीतरी अधिक घेऊन येतं.

वैद्यकाच्या हिशेबात सदतीस आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेलं बाळ अपुऱ्या दिवसांचं. अठ्ठावीस आठवड्यांच्या आतलं असेल तर अतिशय अपुऱ्या दिवसांचं. २०२० साली जगात अपुऱ्या दिवसांची सुमारे १ कोटी ३४ लाख बाळं जन्मली, म्हणजे दहांत एकाहून जास्त. त्यांतली तीस लाखांच्या आसपास एकट्या भारतातली. दुसऱ्या कुठल्याही देशात एवढी नाहीत. पाच वर्षांखालच्या मुलांच्या मृत्यूंची कारणं जगभर तपासली, तर मलेरिया आणि जुलाब यांच्याही आधी अपुरे दिवस आणि त्यातून उद्भवणारे आजार येतात.

या बाळांवरच्या संशोधनाला दीडशे वर्षं होत आली. तो इतिहास वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. डॉक्टरांना जे उघड उघड हिताचं वाटलं ते अनेकदा घातक निघालं, आणि ज्याला कुणी उपचार म्हणायलाही तयार नव्हतं त्याने जीव वाचवले.

सुरुवात काचेच्या पेटीपासून करू. ‘बाळाला काचेत ठेवलंय’ हे वाक्य आज आपल्या खेड्यापाड्यांतही सगळ्यांना कळतं. ही काच आली पॅरिसहून. १८८० च्या सुमारास स्तेफान तार्निए या प्रसूतितज्ज्ञाने तिथल्या प्राणिसंग्रहालयात कोंबडीची अंडी उबवायची यंत्रं पाहिली आणि तशीच पेटी माणसाच्या बाळासाठी बनवून घेतली. दोन किलोखालच्या बाळांमधलं मृत्यूचं प्रमाण त्याच्या रुग्णालयात ६६ टक्क्यांवरून ३८ वर आलं. ऊब हे या बाळांचं पहिलं औषध, हे त्याने आकड्यांनी दाखवलं. अंगात चरबी नाही, कातडी कागदासारखी, त्यामुळे ही बाळं खोलीतल्या साध्या हवेतही गार पडतात आणि गार पडलेलं बाळ बघता बघता हातचं जातं.

पुढे मार्टिन कूनी नावाच्या गृहस्थाने न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंडच्या जत्रेत अशा पेट्या मांडल्या आणि आत खरी बाळं ठेवली. लोक पंचवीस सेंट देऊन ती बघायला येत. १९०३ ते १९४३ अशी चाळीस वर्षं हा खेळ चालला. कूनीकडे डॉक्टरकीची पदवी होती की नाही याविषयी संशयच आहे, पण तिकिटांच्या पैशांवर त्याने हजारो बाळं जगवली आणि पालकांकडून एक पैसा घेतला नाही. मोठमोठ्या रुग्णालयांनी तेव्हा या बाळांवरची आशा सोडलेली होती. मला या सबंध इतिहासातला हा सर्वांत लाजिरवाणा आणि तितकाच लोभस भाग वाटतो.

पेटीत पुढे प्राणवायू सोडायला सुरुवात झाली. बाळ निळं पडतंय, प्राणवायू दिला की गुलाबी होतंय, तेव्हा जितका जास्त तितका बरा, यात शंका घेण्यासारखं काय होतं? १९४२ मध्ये बॉस्टनच्या थिओडोर टेरी या नेत्रतज्ज्ञाने एक विचित्र आंधळेपण नोंदवलं. अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या डोळ्यांत भिंगाच्या मागे पांढरट पडदा धरत होता. पुढच्या दहा-बारा वर्षांत जगभरात सुमारे दहा हजार मुलं अशी आंधळी झाली असा अंदाज आहे, आणि ती बहुतेक सगळी पुढारलेल्या देशांतल्या उत्तम सोयींच्या रुग्णालयांतली. गरीब देशांत हा आजार दिसतच नव्हता. मेलबर्नच्या केट कॅम्बेल यांनी १९५१ मध्ये हा दोष प्राणवायूचा असावा असं लिहिलं. त्याच सुमारास वॉशिंग्टनच्या गॅलिंजर रुग्णालयात आर्नल पॅट्झ यांनी बाळांचे दोन गट केले. एका गटाला भरपूर प्राणवायू, दुसऱ्याला गरजेपुरता. तिथल्या काही परिचारिकांना हे पटेना. रात्रपाळीला त्या कमी प्राणवायूवाल्या बाळांच्या पेटीची तोटी हळूच उघडत आणि सकाळी बंद करत. त्यांचा हेतू शुद्ध होता. त्यांच्या मायेने बाळांचे डोळे धोक्यात येत होते, एवढंच त्यांना ठाऊक नव्हतं.

१९५३-५४ मध्ये अमेरिकेतल्या अठरा रुग्णालयांनी मिळून चाचणी केली आणि प्रश्न मिटला. निदान तसं वाटलं. प्राणवायूवर बंधनं आली, आंधळेपण घटलं, सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. १९७३ मध्ये ब्रिटनच्या केनेथ क्रॉस यांनी मृत्यूचे आकडे तपासले आणि असा अंदाज मांडला, की वाचलेल्या एकेका दृष्टीमागे सोळा बाळं प्राणवायूवाचून गेली असावीत. एकीकडे डोळे, दुसरीकडे जीव, आणि मधली वाट केवढी अरुंद आहे हे कळायला आणखी चाळीस वर्षं लागली. अठ्ठावीस आठवड्यांच्या आतल्या पाच हजारांच्या आसपास बाळांवर निरनिराळ्या देशांत चाचण्या झाल्या. रक्तातल्या प्राणवायूचं प्रमाण ८५ ते ८९ टक्के ठेवलेल्या बाळांत १९.९ टक्के दगावली, ९१ ते ९५ ठेवलेल्यांत १७.१. डोळ्यांवर उपचार करावे लागण्याचं प्रमाण मात्र उलटं : पहिल्या गटात १०.९, दुसऱ्यात १४.९. चार-पाच टक्क्यांच्या त्या पट्ट्यात बाळाला धरून ठेवायचं काम आज पायाला लावलेला लाल दिव्याचा ऑक्सिमीटर आणि त्यावर नजर ठेवणारी परिचारिका करते.

आपल्याकडे या गोष्टीचा पुढचा अध्याय चालू आहे. अनेक लहान रुग्णालयांत हवा आणि प्राणवायू मोजून मिसळणारं उपकरण, म्हणजे ब्लेंडर, नसतं. सिलिंडरमधला शंभर टक्के प्राणवायू थेट बाळाला जातो. त्यामुळे अमेरिकेत ज्या वजनाच्या बाळांना डोळ्यांचा हा आजार सहसा होत नाही, त्या दीड-पावणेदोन किलोच्या बाळांनाही भारतात तो होतो. म्हणून आपले निकष वेगळे आहेत. दोन किलोंखालच्या किंवा चौतीस आठवड्यांआधीच्या प्रत्येक बाळाचे डोळे जन्मापासून तीस दिवसांच्या आत तपासायचे. वेळेवर लेझर झालं तर दृष्टी वाचते. दोन-तीन महिन्यांनी ‘बाळ नजर देत नाही’ म्हणून नेलं तर बहुधा काहीच करता येत नाही.

डोळ्यांआधी फुफ्फुसं. ७ ऑगस्ट १९६३ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांना मुलगा झाला. साडेपाच आठवडे लवकर, वजन दोन किलोंच्या थोडं वर. आजच्या कुठल्याही जिल्हा रुग्णालयात हे बाळ फारशी चिंता न करता घरी जाईल. पॅट्रिक केनेडी ३९ तासांनी गेला. जगातल्या सर्वांत बलाढ्य माणसाच्या मुलाला श्वास घेता येईना आणि त्या वेळी कुणाकडेही उपाय नव्हता. कारण मात्र चार वर्षांपूर्वीच कळलं होतं. मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी १९५९ मध्ये दाखवलं होतं, की या बाळांच्या फुफ्फुसांत सर्फॅक्टंट नावाचा साबणासारखा थर नसतो. तो नसला की श्वास सोडताना फुफ्फुसांतले फुगे मिटतात आणि दर श्वासाला ते नव्याने फुगवावे लागतात. बाळ थकून जातं. १९८० मध्ये जपानच्या तेत्सुरो फुजिवारा यांनी गाईच्या फुफ्फुसातून काढलेलं सर्फॅक्टंट दहा बाळांच्या श्वासनलिकेत सोडलं आणि बाळं सावरली. ते औषध आजही महाग आहे. त्यामानाने बबल सीपॅप अगदी साधं. नाकातून हवेची नळी, तिचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत बुडवलेलं. टोक जितके सेंटीमीटर पाण्याखाली, तितका दाब. बाटलीत बुडबुडे येत राहिले की फुगे मिटत नाहीत.

पण फुफ्फुसं जन्मण्याआधीच पिकवता आली तर? ऑकलंडच्या ग्रॅहॅम मॉन्ट लिगिन्स यांना हे शोधायचंच नव्हतं. प्रसूती कशाने सुरू होते हे समजावं म्हणून ते मेंढ्यांच्या गर्भांना स्टेरॉइड देत होते. त्यातून फार लवकर जन्मलेली कोकरं, जी मरायलाच हवी होती, ती श्वास घेत असलेली आढळली. रॉस हॉवी या बालरोगतज्ज्ञासोबत त्यांनी २८२ मातांवर चाचणी केली आणि १९७२ मध्ये ती छापून आली. ज्या आयांना बीटामेथासोन दिलं त्यांच्या बाळांत पहिल्या आठवड्यातले मृत्यू ३.२ टक्के, ज्यांना दिलं नाही त्यांच्यात १५. इतका लख्ख निकाल वैद्यकात क्वचित मिळतो.

आणि तरी बावीस वर्षं फारसं काही झालं नाही. प्रसूतितज्ज्ञांना धास्ती होती, सवय नव्हती, काहींना तो बालरोगवाल्यांचा विषय वाटत होता. मधल्या काळात आणखी चाचण्या झाल्या, प्रत्येक छोटी, प्रत्येकीवर शंका. आयर्लंडच्या पॅट्रिशिया क्रॉली यांनी त्या सगळ्या एकत्र तोलल्या आणि उत्तर स्वच्छ दिसलं. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेची अधिकृत शिफारस आली ती १९९४ मध्ये. चाचण्यांचा असा एकत्रित हिशेब मांडणाऱ्या कॉक्रेन या संस्थेचं बोधचिन्ह तुम्ही कधी पाहिलं असेल, तर त्यातल्या आडव्या रेघा म्हणजे याच स्टेरॉइडच्या चाचण्या आहेत. मधल्या वर्षांत किती बाळं विनाकारण गेली असतील, याची ती जाहीर आठवण आहे.

इथवर गोष्ट सरळ वाटते : औषध स्वस्त आहे, सगळीकडे पोहोचवा. तसा प्रयत्न झाला, आणि त्यात आपलं नागपूरही होतं. सहा देशांत, भारतात बेळगाव आणि नागपूर भागात, सुमारे एक लाख मातांवरच्या चाचणीत डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचं इंजेक्शन गावपातळीपर्यंत नेलं गेलं. २०१५ मध्ये निकाल छापून आला तेव्हा सगळे चक्रावले. अगदी लहान बाळांत मृत्यू घटले नाहीत आणि एकूण नवजात मृत्यू बारा टक्क्यांनी वाढले. मातांमध्ये जंतुसंसर्गाची शंकाही वाढली. असं का, याचं मोठं कारण आपल्या घरोघरचं आहे. शेवटची पाळी कधी आली, असं विचारलं की ‘पोळा झाल्यावर’ किंवा ‘गणपतीच्या आसपास’ असं उत्तर येतं. सोनोग्राफी लवकर झालेली नसली तर दिवस किती भरले याचा अंदाज दोन-तीन आठवड्यांनी सहज चुकतो. ज्यांना इंजेक्शन मिळालं त्यांतल्या अनेकींची बाळं पूर्ण दिवसांची निघाली. त्यांना फायदा काहीच नव्हता, झाला तर अपायच. शिवाय जन्मल्यावर बाळ जिथे जाणार तिथे सोयी नसतील, तर तयार फुफ्फुसांचं तरी काय करायचं?

जागतिक आरोग्य संघटनेने मग नव्याने चाचणी आखली. भारत, बांगलादेश, पाकिस्तान, केनिया आणि नायजेरिया इथली २९ रुग्णालयं, सोनोग्राफीने पक्के केलेले दिवस, आणि बाळाची निगा राखण्याची बऱ्यापैकी सोय असलेलीच ठिकाणं. २,८५२ माता. २०२० मध्ये उत्तर मिळालं : डेक्सामेथासोन दिलेल्यांत नवजात मृत्यू १९.६ टक्के, न दिलेल्यांत २३.५. फायदा इतका स्पष्ट दिसला की चाचणी वेळेआधी थांबवली. औषध तेच, आधी अपयशी ठरलेलं आणि मग तारणारं. फरक पडला तो दिवस नीट मोजण्याने आणि जन्मल्यावरच्या निगेने. म्हणून बाराव्या आठवड्याच्या आसपासची पहिली सोनोग्राफी ही हौसेची गोष्ट नाही, हे मी इथे ठासून सांगतो.

आता बोगोटाला जाऊ. १९७८ साल, कोलंबियातलं सरकारी प्रसूतिगृह. एकेका पेटीत दोन-तीन बाळं, जंतुसंसर्गाचं थैमान, पुरेशा पेट्या नाहीत, पैसे नाहीत. एडगर रे सानाब्रिया या डॉक्टरांनी स्थिरावलेली लहान बाळं सरळ आईच्या छातीशी, कातडीला कातडी लावून, उभी बांधून ठेवायला सुरुवात केली. मग हेक्टर मार्टिनेझ त्यांना येऊन मिळाले. कांगारू आपल्या पिल्लाला पोटपिशवीत सांभाळते, म्हणून हिला कांगारू पद्धत म्हणू लागले. नाइलाजातून आलेली ही गोष्ट कित्येक वर्षं गरिबांची सोय म्हणूनच पाहिली गेली. तिची शिफारसही एका अटीवर होत असे : आधी बाळ काचेत स्थिर होऊ दे, मग आईकडे.

ही अट खरीच हवी का, असं विचारायला चाळीस वर्षं लागली. घाना, मलावी, नायजेरिया, टांझानिया आणि दिल्लीचं सफदरजंग रुग्णालय अशा पाच ठिकाणी १ ते १.८ किलोंच्या दरम्यानच्या ३,२११ बाळांवर चाचणी झाली. अर्धी बाळं नेहमीप्रमाणे आधी काचेत आणि स्थिरावल्यावर आईकडे. उरलेली जन्मल्याबरोबर आईच्या छातीवर. आईची खाट त्याच नवजात कक्षात, बाळाच्या सगळ्या नळ्या आणि मॉनिटरही तिथेच. ही बाळं दिवसाचे जवळपास सतरा तास छातीशी राहिली. नेहमीच्या गटात सुरुवातीच्या दिवसांत हे प्रमाण दीड तासांचं होतं. अठ्ठावीस दिवसांत छातीवरच्या गटात १२ टक्के मृत्यू, नेहमीच्या गटात १५.७. सुरक्षा समितीने इथेही चाचणी आधीच थांबवायला लावली. बाळाला आईपासून तोडून काचेत ठेवणं, याच्याइतकं उघड शहाणपणाचं दुसरं काही नव्हतं, आणि नेमकं तेच कमी पडलं. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपली शिफारस बदलली.

मुंबईत ही दिशा एका अर्थाने आधीच पकडली गेली होती. शीवच्या लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयात २७ नोव्हेंबर १९८९ रोजी डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी आईच्या दुधाची पेढी सुरू केली, आशियातली पहिली. धारावीच्या उशाशी असलेल्या या रुग्णालयात अपुऱ्या दिवसांची बाळं कायमच दाटीने. आईला पान्हा फुटलेला नसला, ती स्वतः अतिदक्षता विभागात असली, तर डब्याच्या दुधाऐवजी दुसऱ्या आईचं दूध. ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवायचं, तपासायचं, गोठवून ठेवायचं. या बाळांची आतडी फार नाजूक असतात. डब्याच्या दुधावर त्यांची आतडी सडण्याचा आजार अधिक होतो, दान केलेल्या आईच्या दुधावर कमी, हे चाचण्यांनी सिद्ध झालं आहे. आपल्याकडे दुसरीचं दूध पाजण्याची चाल जुनीच आहे, त्यामुळे या दुधाचं लोकांना वावडं वाटलं नाही.

पण मुंबई आणि दिल्लीत रुग्णालयं आहेत. जिथे ती नाहीत तिथे काय, हा प्रश्न डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत घेतला. १९९३ ते १९९८ मधल्या त्यांच्या ‘सर्च’ संस्थेच्या प्रयोगात ३९ गावांत नवजात बाळाची निगा घरीच राखली गेली. गावातलीच थोडीफार शिकलेली बाई आरोग्यदूत बनली. ती बाळाचं वजन करी, श्वास मोजी, ऊब राहावी म्हणून बाळाला उबदार पिशवीत ठेवायला शिकवी आणि जंतुसंसर्गाची चिन्हं दिसली तर जेंटामायसिनचं इंजेक्शनही देई. शेवटची गोष्ट वैद्यक क्षेत्रातल्या अनेकांना आक्षेपार्ह वाटली. १९९९ च्या डिसेंबरात ‘लॅन्सेट’मध्ये निकाल छापून आला : बाजूच्या ४७ गावांच्या तुलनेत नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा वेगळा हिशेब २००५ मध्ये आला. आधी अशा शंभरातली ३३ जात होती, नंतर १०. व्हेंटिलेटर नाही, सर्फॅक्टंट नाही. ऊब, आईचं दूध, जंतुसंसर्गावर वेळेत इलाज, आणि पुन्हा पुन्हा दारात येणारं एक माणूस. २०११ पासून सरकारने हीच घरभेटीची पद्धत आशा सेविकांकडे दिली. रुग्णालयातल्या बाळंतपणानंतर सहा भेटी, घरी झालेलं असेल तर सात.

मग आज अडतंय कुठे? जिल्हा रुग्णालयांतल्या नवजात कक्षांत यंत्रं आली आहेत. वॉर्मर आहेत, सीपॅप आहे. खाटांपेक्षा बाळं जास्त आणि बाळांच्या मानाने परिचारिका फारच कमी. एका परिचारिकेच्या वाट्याला किती बाळं येतात त्यावर बाळाचं जगणं ठरतं, आणि हे दाखवायला आता कुठल्या चाचणीची गरज नाही. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात कक्षाला आग लागली आणि दहा बाळं गेली. यंत्रं वाढवली की त्यांची वीज, त्यांची देखभाल आणि त्यांच्यापाशी जागणारी माणसंही वाढवावी लागतात. यंत्राचं उद्घाटन होतं. देखभालीचं होत नाही.

आणि आई? ती बहुतेक ठिकाणी अजून दाराबाहेर आहे. कक्षाच्या काचेला नाक लावून उभी, दर दोन तासांनी दूध पिळून वाटी आत पाठवणारी, ‘आज किती ग्रॅम वाढलं?’ एवढंच विचारणारी. जंतुसंसर्ग होईल म्हणून तिला आत घेत नाहीत. सफदरजंगच्या चाचणीत आईला कक्षातच ठेवलं होतं, आणि जंतुसंसर्गाची शंका वाढण्याऐवजी कमी झाली. भारत सरकारने पालकांना आत घेण्याची मार्गदर्शक तत्त्वं २०१७ मध्येच काढली आहेत. तेव्हा प्रश्न पुराव्याचा उरलेला नाही. तो खाटेचा आहे, स्वच्छतागृहाचा आहे, आणि कक्ष आपल्या मालकीचा समजणाऱ्या वृत्तीचा आहे. माझं मत विचाराल तर पुढच्या पाच वर्षांत कुठल्याही जिल्ह्यात नवजात कक्षासाठी येणारा पहिला रुपया नव्या यंत्राला न देता बाळाशेजारच्या आईच्या खाटेला द्यावा.

तुमच्या घरात कुणाचे दिवस भरत आले असतील, तर पहिल्या तिमाहीतल्या सोनोग्राफीचा कागद जपून ठेवा. वेळेआधी कळा सुरू झाल्या तर रुग्णालयात पोहोचताच तो दाखवा आणि बाळाच्या फुफ्फुसांसाठीचं इंजेक्शन द्यायचं का, हे विचारा. बाळ लहान असलं तर ते आईच्या छातीशी कधी देणार हे रोज विचारा. आई आजारी असेल तर बापाची किंवा आजीची छातीही चालते. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय घुटी, मध, डब्याचं दूध काही देऊ नका. आणि बाळ घरी आल्याच्या आनंदात तिसाव्या दिवसाआधीची डोळ्यांची तपासणी चुकवू नका.